आबांचा बस्ट: ब्लेंडरमधल्या नोंदी, ऑगस्ट ते दसरा

४ ऑगस्ट २०२४, रविवार

काकांचा सकाळीच फोन, गावच्या तालमीत मारुतीशेजारी जो रिकामा कोनाडा आहे तिथं दसऱ्याला आबांचा, म्हणजे आमच्या पैलवान आजोबांचा, छोटा पुतळा ठेवायचाय, तू ते कॉम्प्युटरवर करतोस ना काहीतरी, मग कर. मी दिवसभर दागिन्यांचं कॅड करतो, माणसाचं तोंड शेवटचं केलं त्याला दोन वर्षं झाली, पण काकांना नाही कसं म्हणणार. २० सेंमी उंच, रेझिनचा थ्रीडी प्रिंट, खांद्यापर्यंत, डोक्याला फेटा. हातात आहे १६ जीबी रॅमचा लॅपटॉप, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि ब्लेंडर ४.२ हे थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर.

फोटो तीनच. एक स्टुडिओतला ब्लॅक अँड व्हाइट, साधारण तिशीतला, एकदम कडक, त्यात कुस्तीत फुटलेला कान मस्त दिसतो. दुसरा एका लग्नातला ग्रुप फोटो, त्यात आबा म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढे. तिसरा काकांनी काढलेला कलर, सत्तरीतला, सुरकुत्या सगळ्या त्यातच. ठरवलंय असं की वय सत्तरीचं आणि कान तिशीतल्या फोटोवरनं, फुटलेला कान काय परत सरळ होत नाही.

७ ऑगस्ट

दोन रात्री वाया. चूक जुनीच आणि माहीत असलेली, तरी केली. गोळ्यातनं डोकं, मान, खांदे ओढून काढले, ओळख पटायच्या आतच व्होक्सेल साइज (जाळीच्या चौकोनाचं माप) ०.००२ टाकून कंट्रोल आर दाबलं, म्हणजे रिमेश, सगळी जाळी नव्यानं विणणं. मॉडेल ब्लेंडरमध्ये २ युनिट उंच आहे, म्हणजे जवळपास १९ लाख क्वाड (जाळीचे चौकोन) झाले. मग गाल भरायला गेलो तर प्रत्येक स्ट्रोकचा वेगळा उंचवटा, स्मूद ब्रश फिरवला तर तो ढिम्म, कारण एवढ्या दाट जाळीत स्मूद प्रत्येक बिंदूला शेजाऱ्यापर्यंतच नेणार आणि शेजारी केसाच्या अंतरावर. आबांचा बटाटा झाला, तोही पावसाळ्यातला, कोंब आलेला.

परत मागं, ०.०५ वर. तीन हजार क्वाडच्या आसपास. एवढ्यात डोळ्यांच्या खोबणी, गालफडं, जबडा आणि ती पैलवानी मान एवढंच बसतं, त्यामुळं दुसऱ्या कशाला हात लावायचा मोहच होत नाही. तासाभरात आईला स्क्रीन दाखवली तर ती म्हणाली, "आबा वाटतायत की रे." फेटा नाही, मिशी नाही, डोळे नाहीत, तरी.

१० ऑगस्ट

रिमेशचा हिशोब इथं लिहून ठेवतो म्हणजे परत हात शिवशिवणार नाहीत. व्होक्सेल साइज निम्मी केली की क्वाड चौपट. माझ्या मॉडेलवर ०.०२ ला १९ हजार, ०.०१ ला ७५ हजार, ०.००५ ला ३ लाख. नियम एकच, आत्ताच्या जाळीत जे बसतं ते सगळं करून झालं आणि आता खरंच जागा पुरत नाहीये असं वाटलं तरच पुढची पायरी. काल ०.०२ वर पाच तास काढले, आज ०.०१ वर गेलो.

आणि हो, रिमेश करण्याआधी कंट्रोल ए करून स्केल अप्लाय. मी खांदे ऑब्जेक्ट मोडमध्ये रुंद केले होते आणि ते तसंच विसरलो, तर आडवे क्वाड ताणलेले आले आणि अर्धा तास मी ब्रशलाच शिव्या घालतोय.

१५ ऑगस्ट, सुट्टी

दिवसभर रिटोपो, म्हणजे कोरलेल्या आकारावर नवी, नीट ओळीतली जाळी बसवणं. हे काम कुणालाच आवडत नाही, मलाही नाही, पण या सगळ्या प्रोजेक्टचा जीव इथंच आहे असं माझं मत झालंय.

हेच आपोआप करणारं क्वाड्रिफ्लो आधी वापरून बघितलं, ६ हजार फेस, सिमेट्री ऑन. जाळी स्वच्छ येते, पण सगळीकडं सारख्या मापाची, टाळूवर जेवढे चौकोन तेवढेच कानावर. आता मल्टीरेसमध्ये (मूळ जाळी तशीच ठेवून तिच्यावर बारीक जाळीच्या लेव्हल चढवायची सोय) एक लेव्हल वाढवली की प्रत्येक क्वाडचे चार होतात, मग तो क्वाड नाकावरचा असो की मानेमागचा, तिथं भेदभाव नाही. पाच लेव्हल म्हणजे एका क्वाडचे १०२४. म्हणजे कुठं बारकावा मिळणार आणि कुठं नाही हे सगळं आत्ताच, या सहा हजारांच्या वाटपात ठरणार, नंतर कितीही लेव्हल चढवल्या तरी प्रमाण तेच राहणार. ग्रामपंचायतीच्या निधीसारखं, एकदा वाटप झालं की मग बोंबलून उपयोग नाही.

म्हणून हातानं बसलो, स्नॅप आणि श्रिंकरॅप लावून, दोन्ही नव्या जाळीचे बिंदू जुन्या मॉडेलच्या पृष्ठभागाला चिकटवतात. डोळ्याभोवती गोल रिंगा, ओठांभोवती तशाच, नाकपुडीपासून तोंडाच्या कोपऱ्याकडं जी घडी उतरते तिच्या दिशेनं कडा. दोन्ही कानांना प्रत्येकी ४२० क्वाड दिले, एका कानासाठी हे जास्तच आहे, पण पैलवानाच्या कानाला नाही द्यायचे तर कुणाला.

तो कान फुटतो कसा हेही वाचलं, कारण समजल्याशिवाय आकार येत नाही. घासून, दाबून, मार बसून कानाच्या कुर्चेवरचं आवरण सुटतं आणि मधे रक्त साचतं. कुर्चेला पोषण त्या आवरणातनंच मिळतं, ते तुटलं की ती मरते, आणि साचलेलं वेळेत काढलं नाही तर तिथं जाड, कडक गाठी तयार होतात. म्हणजे आतल्या घड्या बुजतात. कडा गोल, जाड होते आणि भोकाजवळची वाटी भरून येते.

१८ ऑगस्ट

आज एक साधी गोष्ट सुचली आणि स्वतःवरच हसलो. फेट्याखाली टाळू दिसणार आहे का? नाही. मग ती कशाला बाळगतोय. फेट्याच्या कडेच्या आत दोन ओळी ठेवून बाकीची टाळू डिलीट, ११०० क्वाड गेले. पाचव्या लेव्हलला हेच ११ लाखांच्या वर झाले असते. डोकं आता ४९०० क्वाडचं, फेटा वेगळं ऑब्जेक्ट, मिशी वेगळी, छाती-खांदे वेगळे.

छातीला पाचवी लेव्हल कधीच लागणार नाही, तिथं सदरा आहे आणि एक बटण. तिसऱ्या लेव्हललाच कुलूप.

२१ ऑगस्ट

जुन्या रिमेश मॉडेलवरनं चेहरा नव्या जाळीवर आणायचा होता. नव्याला मल्टीरेस, एक लेव्हल वाढव, खाली श्रिंकरॅप लाव, अप्लाय कर, परत एक लेव्हल, परत श्रिंकरॅप, असं तिसऱ्या लेव्हलपर्यंत. एकदम वर जाऊन एकदाच श्रिंकरॅप केलं तर बिंदू वेडेवाकडे जाऊन बसतात, पायरीपायरीनं केलं की नीट बसतात.

तरी ओठ चिकटले. श्रिंकरॅप सर्वात जवळचा पृष्ठभाग बघतं, वरच्या ओठाच्या आतल्या बिंदूला खालचा ओठ जवळचा वाटला आणि तो गेला तिकडं. आबा तंबाखू दाबून बसल्यासारखे दिसत होते (ते खायचेही, पण ते पुतळ्यात नको). तोंडाच्या आतल्या बिंदूंचा वेगळा गट (व्हर्टेक्स ग्रुप) करून तो श्रिंकरॅपमधनं वगळला, झालं.

२७ ऑगस्ट

तिसरी लेव्हल, डोकं ३ लाख १३ हजार क्वाड. सगळ्यात जास्त मजा इथं येते, लॅपटॉपचा पंखाही शांत असतो. मोठ्या सुरकुत्या सगळ्या याच लेव्हलला करतोय, कपाळावरच्या तीन आडव्या, डोळ्याच्या कोपऱ्यातला पंखा, आणि मानेमागं त्या तिरक्या रेघा एकमेकींना छेदून जे शंकरपाळे होतात ते. उन्हात वाकून आयुष्य काढलेल्या माणसाच्या मानेवर ते असतातच, कलर फोटोत कडेला जरा दिसतात, बाकीचे मी गावाकडच्या शेजाऱ्यांच्या माना आठवून केले.

सुरकुती म्हणजे रेघ नव्हे हे मला प्रत्येक वेळी नव्यानं शिकावं लागतं. क्रीज ब्रशनं रेघ मारली की चाकूचा वार दिसतो. सुरकुती म्हणजे दोन फुगवटे, मधे ते भेटतात तिथं रेघ आपोआप पडते. आधी क्ले स्ट्रिप्सनं दोन्ही बाजू भर, मग मधे हलकी क्रीज, मग एका बाजूचा फुगवटा दुसऱ्यावर किंचित झुकव. हे सगळं ३ लाखांत आरामात होतं.

३ सप्टेंबर

फेटा. सुरुवातीला गोळ्यावरच घड्या कोरायला गेलो, सगळं मिळून कांदाभजी. मग ते सोडलं आणि लांब पट्ट्याच केल्या, साध्या प्लेनच्या, पीळ देऊन एकावर एक गुंडाळल्या, जाडीसाठी सॉलिडिफाय, मागं शेमला सोडला. खरा फेटा जसा बांधतात तसाच बांधला तर घड्या जिथं पडायच्या तिथंच पडतात. त्यावर दोन लेव्हलचं मल्टीरेस आणि ताण दाखवायला चार घड्या, बास.

कापडाची वीण करायची खूप इच्छा होती, ती उमटवायचा ब्रशचा ठसा, अल्फाही तयार होता. पण हिशोब केला. पुतळा खऱ्याच्या साधारण अडीचपट लहान, म्हणजे धाग्याधाग्यातलं अर्ध्या मिलिमीटरचं अंतर प्रिंटमध्ये ०.२ मिमी. ज्याच्याकडं प्रिंट करणार त्याच्या मशीनचा पिक्सेल ०.०५ मिमी आणि थरही तेवढाच. चार पिक्सेलात एक धागा, वरनं प्रायमर आणि रंग. सगळं बुजणार. अल्फा डिलीट.

हाच हिशोब चेहऱ्यालाही लावला. डोक्याचं क्षेत्रफळ प्रिंटमध्ये साधारण २०० चौरस सेंमी. चौथ्या लेव्हलला साडेबारा लाख क्वाड, एकाची कड साधारण ०.१३ मिमी. पाचव्याला ५० लाख, कड ०.०६ मिमी. सहाव्याला २ कोटी आणि कड ०.०३, म्हणजे मशीनच्या पिक्सेलपेक्षा बारीक. सहावी लेव्हल चढवली असती तर लॅपटॉप झोपला असता आणि प्रिंटमध्ये त्यातला कणही दिसला नसता.

७ सप्टेंबर

गणपती बसले. काम बंद.

१३ सप्टेंबर

चौथी लेव्हल. जड व्हायला लागलं. काय काय केलं ते लिहितो. अनडू स्टेप्स ३२ वरनं १२ वर आणल्या. फास्ट नॅव्हिगेट ऑन, म्हणजे मॉडेल फिरवताना ब्लेंडर खालची लेव्हल दाखवतं आणि थांबलं की वरची. फेटा, मिशी, छाती यांची व्ह्यूपोर्ट लेव्हल १, कारण त्यांच्याकडं बघायचंच नाहीये. आणि फेस सेट, कान, नाक, डोळे, गाल, मान असे भाग रंगवून घेतले, ज्यावर काम चाललंय तेवढाच ठेवून बाकी लपवायचे. लपवल्यानं रॅम वाचत नाही, पण ब्रश हलका होतो, आणि दुसरा फायदा म्हणजे एका गालावर तासभर बसता येतं, डोळे इकडंतिकडं पळत नाहीत.

मिशी अजून छळतेय. केसाकेसानं करायचीच नाही, झुपके करायचे हे ठरलेलं. टोकाकडं निमुळत्या होत जाणाऱ्या कर्व्हज, मग मेश, मग सगळं मिळून व्होक्सेल रिमेश. पण टोकं व्होक्सेलपेक्षा बारीक असली की रिमेश ती सरळ खाऊन टाकतं, पीळदार मिशीची झाली बोथट कात्री. टोकं जाड केली, साइज ०.००३. मिशी एवढीशी असल्यामुळं क्वाड फार होत नाहीत.

१९ सप्टेंबर

फुटलेला कान होईना. पाचव्या लेव्हलवर चार तास, गाठी घातल्या, खड्डे घातले, छिद्रं घातली, दिसायला चघळून टाकलेलं च्युइंगम. वैतागून दुसऱ्या लेव्हलवर उतरलो आणि लगेच कळलं, खाली आकार अजून धड कानाचाच होता, सगळ्या घड्या जागच्या जागी. फुटल्या कानात मुळात बारकावे कमीच असतात, बुजलेलेच असतात, मी बुजलेल्या गोष्टीवर बारकावे चढवत होतो. दुसऱ्या लेव्हललाच वाटी भरली, कडा जाड केली, वरचा भाग जरा दुमडला. दहा मिनिटं. मग वर गेलो तर त्वचेची छिद्रं वगैरे त्याच आकारावर बसून आलेली. फक्त ग्रॅब ब्रशनं जिथं फार ओढलं होतं तिथं वरच्या लेव्हलला काटे आले, ते स्मूद केले.

डावा कान एकदम फोटोतल्यासारखा. रेंडर काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

२० सप्टेंबर

आज्जीचा फोन. काकांच्या मोबाइलवर फोटो बघितला म्हणे.

"कान कुठला फोडलाईस तू?"

"डावा, आज्जी. फोटोत हाय की."

"फोटोला काय कळतंय. उजवा व्हता. त्या कानानं कमी ऐकू यायचं म्हणून मी जल्मभर त्यांच्या डाव्या अंगाला बसले."

यावर काय बोलणार. फोटो काढून परत बघितला, नीट बघितला, तर सदऱ्याचा खिसा उजव्या बाजूला. निगेटिव्ह उलटी ठेवून प्रिंट काढलेली, आणि तो फोटो आमच्या भिंतीवर लहानपणापासून लटकतोय, कुणाच्या लक्षात नाही.

पहिला विचार आला की एक्समध्ये उणे एक स्केल करून सगळं डोकंच उलटं करावं. पण चामखीळ, सुरकुत्या, डावीकडं जरा जास्त झुकलेली पापणी हे सगळं कलर फोटोवरनं, तो सरळ आहे. उलटायचं ते फक्त कान आणि नाक, नाक मी त्याच स्टुडिओ फोटोवरनं किंचित वाकवलं होतं.

२२ सप्टेंबर

नाकाला एक मिनिट लागलं. पहिल्या लेव्हलवर उतरून ग्रॅबनं एक ओढ, दुसऱ्या बाजूला. वर आलो, छिद्रं, नाकपुडीच्या रेघा, सगळं नाकासोबत सरकलेलं. हेच काम ७ ऑगस्टच्या बटाट्यावर करायचं असतं तर नाक नव्यानंच करावं लागलं असतं.

डाव्या कानासाठी डिस्प्लेसमेंट इरेझर ब्रश. तो मल्टीरेसमध्ये साठलेलं सगळं पुसून त्या जागेला मूळ जाळीच्या गुळगुळीत आकारावर आणतो. मी मधे कुठंही अप्लाय बेस (वरचा आकार मूळ जाळीत उतरवणं) दाबलं नव्हतं, म्हणून मूळ जाळीत रिटोपोच्या दिवशीचा धडधाकट कान तसाच होता, आणि ४२० क्वाडमुळं तो गुळगुळीत झाला तरी कानच वाटत होता. त्यावर तिसऱ्या लेव्हलपासून साधा म्हाताऱ्याचा कान केला, लोंबती पाळी, भोकापाशी चार केस. उजवा कान नव्यानं फोडला. या वेळी सरळ दुसऱ्या लेव्हलपासून.

आज्जीला पाठवला. "हां" एवढंच आलं.

२९ सप्टेंबर

काल गाल आणि उजव्या कानाचा तुकडा तेवढा टेस्ट प्रिंट करून आणला. कान उत्तम. सुरकुत्या मात्र अर्ध्या गायब, स्क्रीनवर ज्या छान दिसत होत्या त्या दोनेक थरांएवढ्याच खोल होत्या. मेश फिल्टरमधलं एनहान्स डिटेल्स, म्हणजे बारकावे ठळक करणारं, चौथ्या लेव्हलला थोडं थोडं करून चालवलं, डोळ्यांच्या कडांना मास्क लावून. स्क्रीनवर आता जरा भडक दिसतंय, नाटकाच्या मेकअपसारखं. चालेल.

३ ऑक्टोबर

घटस्थापना आणि एक्स्पोर्ट एकाच दिवशी.

डोकं पाचव्या लेव्हलला ५० लाख क्वाड, म्हणजे १ कोटी त्रिकोण. एसटीएलमध्ये, म्हणजे प्रिंटला द्यायच्या फाइलमध्ये, एका त्रिकोणाला ५० बाइट लागतात, फाइल झाली ५०० एमबीची. प्रिंटवाल्याकडं ती उघडता उघडता स्लायसर (मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) बसलाच, तो म्हणाला भाऊ हलकं करून आण. डेसिमेट, म्हणजे त्रिकोण कमी करणं, रेशो ०.१५. लॅपटॉपवरचं बाकी सगळं बंद केलं, ब्राउझरसुद्धा, आणि जेवायला गेलो. परत आलो तर १५ लाख त्रिकोण, ७५ एमबी. डेसिमेट सपाट भागातले त्रिकोण आधी खातं, सुरकुत्या आणि कान बऱ्यापैकी सोडतं, दोन्ही मॉडेल एकावर एक ठेवून झूम करून बघितली, फरक गालाच्या मधोमध थोडा, तिथं तसंही काही नव्हतं.

मूळ फाइल मल्टीरेससकट वेगळी ठेवलीय, तीन ठिकाणी.

१२ ऑक्टोबर, दसरा

काल रात्री रंग वाळला, ब्राँझसारखा, फेट्याला जरा उजळ. सकाळी गावात. आज्जीनं हातात घेऊन पहिल्यांदा कानावरनंच अंगठा फिरवला, मग मिशीवरनं, मग काकांकडं दिला. वस्तादांनी लाल मातीत नारळ फोडला, मारुतीला शेंदूर, आणि पुतळा कोनाड्यात.

कोनाडा भिंतीच्या कोपऱ्यात आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आबांनी मारुतीकडं तोंड करून बसायचं हे वस्तादांचं आधीच ठरलेलं. उजवा कान भिंतीकडं, चार बोटांवर. ४ लाख ३० हजार क्वाड, ते आता फक्त पालीला दिसणार.

मी काकांना म्हटलं जरा फिरवूया का. आज्जी म्हणाली नको, डावा कान दाराकडं हाय ते बरं हाय, येणाऱ्याचं ऐकू येईल.